पायचा लूप सीमध्ये लिहून किती मिळतं?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: ‘पायथन मुळातच मंद. पाय (π) या संख्येची किंमत काढणारा लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारा कोड) चालवून बघा, कळेल. आकडेमोड करायची तर सी या भाषेत लिहा, नाहीतर निदान नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी वापरा. अचूकता कमी पडली तर पदं वाढवा.’ नवशिक्यांना हे ठासून सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो आहे.

‘सीमध्ये लिहा.’ तो लूप ४ × (१ − १/३ + १/५ − १/७ + …) ही श्रेणी मोजतो. पदांची संख्या ‘न’ धरली, तर चूक साधारण १/न उरते. म्हणजे दर नव्या दशांश स्थळासाठी दहापट फेऱ्या, आणि दहा स्थळांसाठी हजार कोटींच्या घरात पदं. सी शंभरपट वेगवान धरली, तरी तेवढ्याच वेळात जादा मिळतात दोन स्थळं.

‘पदं वाढवा.’ खरी मेख इथे आहे. चौदाव्या शतकातले गणिती माधव यांच्यापासून चालत आलेल्या केरळच्या गणितपरंपरेत याच श्रेणीची दुरुस्ती दिलेली आहे. ‘न’ इतक्या पदांवर थांबायचं आणि कंसातल्या बेरजेत, पुढच्या पदाचं चिन्ह लावून, (न² + १) ÷ (४न³ + ५न) मिळवायचं. ५० पदांनंतर एरवी चूक ०.०२ असते. ही एक ओळ जोडली की ती तेराव्या दशांश स्थळावर जाते! भाषा तीच, संगणक तोच.

‘नमपाय वापरा.’ फेरी स्वस्त होते, मान्य. पण शंभर कोटी पदांचा एकच अॅरे (संख्यांची सलग यादी) ८ जीबी मेमरी खातो, आणि पदांची संख्या तेवढीच राहते. शिवाय नेहमीचा ६४ बिटांचा फ्लोट (दशांश संख्या साठवण्याचा प्रकार) पंधरा-सोळा अंकांपुढे जात नाही, मग तो सीमधला का असेना.

त्यापुढे जायला पायथनचे पूर्णांक आहेत, त्यांना ठरावीक लांबीचं बंधन नाही. इंग्रज गणिती जॉन मॅचिन यांनी १७०६ मध्ये ज्या सूत्राने शंभर स्थळं काढली तेच घ्या: १/५ च्या आर्कटॅनची (ज्या कोनाचा टॅन्जंट १/५ आहे त्या कोनाची) १६ पट, वजा १/२३९ च्या आर्कटॅनची ४ पट. सगळं १० च्या १०१० व्या घाताने गुणून पूर्णांक भागाकार केला, तर हजार स्थळं हजाराहून कमी फेऱ्यांत येतात. शेवटचे दहा अंक सोडून द्यायचे, भागाकारातली चूक त्यांतच जिरते.

पद्धत योग्य निवडूनही लूप अडत असेल, तर नंबा (पायथनचं फंक्शन वेगवान यंत्रभाषेत बदलणारं साधन) किंवा सी जरूर वापरा. फक्त आधी प्रोफाइलर लावून कोणतं फंक्शन वेळ खातं ते पाहा, आणि तेवढंच हलवा.