डावी सँडल, नऊ नंबर

सहल पर्यावरणस्नेही असली की सगळ्यात आधी सामान वाढतं. एरवी एका दिवसासाठी मी खिशात रुमाल आणि मोबाइल टाकून निघालो असतो. पण सहल नेणाऱ्या ताईंनी आठ दिवस आधीपासून ग्रुपवर सूचनांचा भडिमार चालवला होता. पाण्याची बाटली स्टीलचीच. ताट, वाटी, पेला, चमचा घरचा. कापडी पिशव्या दोन. भडक कपडे नकोत, पक्षी बिथरतात. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत : 'रेवदंड्यात आपली एकही वस्तू मागे राहता कामा नये.'

"तूच जा बाबा. मला रविवारी झोपायचंय," बायको म्हणाली. ती पहिल्यापासूनच शहाणी आहे.

रविवारी भल्या सकाळी गेटवेला आम्ही अठ्ठावीस जण जमलो, तेव्हा लग्नघरचे आचारी निघाल्यासारखा आवाज येत होता. कोणी नुसता वाकून बुटाची नाडी बांधली तरी पाठीवरच्या सॅकमध्ये ताट-वाटीचं भांडण जुंपायचं. मांडव्याच्या लाँचवर बाकीची जनता सीगलना वेफर्स भरवत होती. ताईंनी तासभर त्यांच्यात फिरून प्रबोधन केलं. परिणाम एवढाच झाला, की लोकांनी वेफर्स ताईंनाही देऊ केले.

मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून रेवदंडा. या गावाला इतिहास नको तेवढा आहे. शेजारचं चौल बंदर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांनाही ठाऊक होतं. नंतर पोर्तुगीजांनी इथे तटबंदी घातली, ती १७४० साली मराठ्यांकडे आली आणि आता तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या सुखाने पाणी पीत उभ्या आहेत. आत एक मनोरा आहे, सातखणी नावाचा. आमच्यातले एक निवृत्त बँकवाले काका उन्हात हात आडवा धरून त्याचे खण मोजत राहिले. सात काही भरेनात. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर ते दिवसभर अस्वस्थ होते.

मला मात्र आवडलं ते शाळेच्या आवारातलं अफनासी निकितिनचं स्मारक. हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमाराला चौलला उतरला, तोही विकायला एक घोडा बरोबर घेऊन. कुठे रशिया, कुठे चौल, मध्ये तीन समुद्र, आणि हा घोड्याला दाणापाणी करत येतोय! मला एक ताट सांभाळवत नव्हतं. त्याने लिहून ठेवलंय, की मी जाईन तिथे लोक मागे मागे येतात आणि या गोऱ्या माणसाकडे नवलाने बघतात. सकाळी हे ऐकून मी हसलो होतो.

जेवण एका वाडीत होतं. आम्ही भांडी परजत आत शिरलो, तर वाडीवाल्या आबांनी केळीची पानं मांडून ठेवलेली! शिवाय एकादशी. निम्म्या मंडळींनी साबुदाण्याची खिचडी घेतली, उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्यासमोर सुरमई. ताटं जशी आली तशीच सॅकमध्ये परत गेली.

तेवढ्यात ताईंनी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर बघून जाहीर केलं, की ओहोटी दोन वाजून अठरा मिनिटांनी आहे. आबांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. "आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती भरली, तर सव्वादोनला सुकती होणारच. त्यात फोन कशाला?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. ताईंनी तीन मिनिटांसाठी थोडी हुज्जत घातली. मग कॉफी निघाली, मग वामकुक्षी. आम्ही कुंडलिकेच्या खाडीवर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पाणी परतीच्या वाटेला लागलं होतं.

खारफुटी लांबून फार शांत दिसते. जवळ गेलं की कळतं, चिखलातून हजारो पेन्सिली टोकं वर करून उभ्या आहेत. ती तिवराची श्वास घेणारी मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाकं वर काढतं. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे पटावं म्हणून ताईंनी सगळ्यांना एकेक पान चाटायला लावलं. अठ्ठावीस सुशिक्षित माणसं ओळीने उभी राहून झाड चाटत होती. पान खरंच खारट होतं. उपासवाल्या मावशींनी मात्र, हे चालतं का, असं दोनदा विचारून घेतलं.

"मुळांवर पाय देऊ नका," ताई ओरडल्या. मी पर्यावरणप्रेमाने पाय मुळांपासून दूर टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. समोर एक निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा, चिखलावर बसून माझ्याकडे बघत होती. डोळे टाळूवर, तोंड फुगलेलं. थेट आमच्या हेडक्लार्कसारखी. मी जोर लावला. पच्च असा आवाज आला, पाय सुटला आणि त्याला सँडल नव्हती. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. चिखल क्षणात सपाट झाला, जणू इथे कधी काही घडलंच नाही. निवटीने एक उडी मारली आणि ती माझ्या सँडलच्या जागेवर बसली.

लांबवर ताई सांगत होत्या, की २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाला. "सगळ्यांचं सगळं आहे ना? काही राहिलं नाही ना?"

"नाही," सगळ्यांबरोबर मीही ओरडलो.

आता काय सांगणार? अख्ख्या सहलीने मागे ठेवलेलं एकमेव प्लॅस्टिक माझं होतं. कोणी पायाकडे बघितलं की मी सांगायचो, पट्टा तुटला, सॅकमध्ये ठेवलीय. रेवदंड्याच्या बाजारातून मी एका सँडलवर चाललो तेव्हा दोन पोरं, एक सायकलवाला आणि एक कुत्रा मागून येत होते. निकितिनकडे निदान घोडा होता.

शेवटी समुद्रावर कचरा वेचायचा कार्यक्रम. समुद्राला चपलांचं काय वेड आहे कोण जाणे! आमच्या गटाला अकरा मिळाल्या. मी प्रत्येक धावत जाऊन उचलली. दहा उजव्या निघाल्या. अकरावी डावी होती : बायकांची, गुलाबी, वर प्लॅस्टिकचं पांढरं फूल, मापाला चार बोटं कमी. वाळू तापलेली होती आणि मांडवा लांब होतं. मी ती घातली.

ताईंनी ते पाहिलं मात्र, त्यांचा ऊर भरून आला. "बघा! याला म्हणतात पुनर्वापर!" टाळ्या पडल्या. परतीच्या लाँचवर मला 'आजचा हरितमित्र' म्हणून सुपारीचं रोप देण्यात आलं. बँकवाले काका माझ्या पायाकडे टक लावून बघत होते. इथेही त्यांचा हिशेब जुळत नव्हता.

रात्री साडेदहाला बायकोने दार उघडलं. मांडीपर्यंत चिखल, हातात रोप, पाठीवर खणखणाट. तिने यातलं काहीच पाहिलं नाही. तिची नजर सरळ खाली गेली, फुलावर थांबली आणि मग सावकाश वर आली.

"कुणाची आहे ही?"

मी दम घेतला आणि निकितिनपासून सुरुवात केली.