डबलिंगने कॅसिनो हरत नसतो, भावड्या

आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, रूलेटमध्ये (चाकावर गोळी फिरवून रंग-आकड्यावर पैसे लावायचा खेळ) डबलिंग केलं की कॅसिनो हरतो की नाही. दोघं-तिघं गोव्याला मांडवीतल्या बोटीवर खेळून आले, थोडेफार जिंकले आणि तेव्हापासून सगळे गणिताचे मास्तर झालेत. सिस्टीम काय, तर लालवर शंभर लावा, गेले की दोनशे, गेले की चारशे, कधीतरी लाल येणारच ना, आलं की मागचं सगळं वसूल आणि वर शंभर नफा. याला मार्टिंगेल म्हणतात, फ्रान्समध्ये अठराव्या शतकापासून लोक हेच करतायत आणि कॅसिनो अजून उभे आहेत. एवढ्यावर विषय संपायला पाहिजे होता, पण नाही.

मग मी हिशोब टाकला. एका शून्याच्या चाकावर 37 घरं, 18 लाल, 18 काळी, एक हिरवं शून्याचं. लालवर लावलं तर हरायची शक्यता 37 पैकी 19. सलग आठ वेळा हरलात तर शंभरपासून 12,800 पर्यंत सगळं मिळून 25,500 गेले, आणि नववी बेट 25,600 ची, तिथे एकतर टेबलची लिमिट आडवी येते नाहीतर आपला खिसा. आता शंभरपासून सुरू केलेली अशी एक मालिका म्हणजे एक डाव धरला, तर हे असं सलग आठ वेळा हरणं सरासरी 207 डावांत एकदा होतं. म्हणजे 206 वेळा शंभर-शंभर करून 20,600 कमवायचे आणि एका झटक्यात 25,500 घालवायचे. बेट वाढवायची फिबोनाची पद्धत लावा नाहीतर अजून काही, पैसे कधी जाणार एवढंच बदलतं, ते हिरवं घर कुठे जात नाही. शंभर लावले की सरासरी 2.70 रुपये कॅसिनोचे, दोन शून्यांचं चाक असेल तर 5.26.

खरं सांगू का, मला यात नवीन काहीच वाटत नाही. भद्रकालीत आमच्या लहानपणी एक काका टपरीवर बसून मटक्याचा चार्ट लिहायचे, लांबट वहीत ओपन, क्लोज, जोडी, लाल पेनाने गोल केलेले आकडे, कुठला आकडा किती दिवस आला नाही म्हणजे आता येणार हे ते शपथेवर सांगायचे. एकेरी आकड्याला नऊ पट मिळायचे आणि आकडे दहा, बाकी काय बोलायचं. तेव्हा आपण त्यांना हसायचो, आता तेच मोबाईलवर एक्सेलमध्ये करतोय आणि त्याला स्ट्रॅटेजी म्हणतोय.

इथे मेलबर्नमध्ये निदान सगळं कायद्याने आहे हो. पोकीजने, म्हणजे बटणं दाबून खेळायच्या जुगाराच्या मशीननी, लावलेल्या पैशांपैकी किमान 87 टक्के परत दिलेच पाहिजेत असा नियम आहे, म्हणजे 13 पर्यंत ते ठेवू शकतात आणि सगळ्यांना माहीत असतं. शुक्रवारी क्लबमध्ये पार्मा खायला गेलो की शेजारच्या खोलीत म्हाताऱ्या बायका बटणं दाबत बसलेल्या दिसतात, पण कोणी म्हणत नाही की माझ्याकडे सिस्टीम आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एकाने लगेच टाकलं, माणशी जुगारात जगात सगळ्यात जास्त पैसे तुमचेच लोक हरतात, आमच्याकडे तर 2025 मध्ये ऑनलाइन पैशाचे गेम बंद केले, तुमच्याकडे घोड्यांच्या शर्यतीला सुट्टी देतात. बरोबर आहे त्याचं. त्या शर्यतीच्या, म्हणजे मेलबर्न कपच्या सुट्टीचा मी दर वर्षी लाँग वीकेंड करतो, पण ते मी तिथे लिहिलं नाही.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात सिस्टीम चालते हा ग्रुपवरचा मुद्दा मात्र मी मान्य केला. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने 1962 मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की गेलेले पत्ते मोजले तर खेळणाऱ्याची बाजू वरचढ होऊ शकते, कारण पत्ते वापरले की गठ्ठ्यातून कमी होतात. चाकाचं तसं नाही, मागे काय आलं ते त्याला आठवत नाही. आणि पत्ते मोजतोय असं लक्षात आलं की कॅसिनोवाले गोड बोलून बाहेरचा रस्ता दाखवतात. ज्या सिस्टीमने खरंच फरक पडतो ती ते चालू देत नाहीत आणि डबलिंगवाल्याला खुर्ची देतात, यातच काय ते समजा.

त्यावर कोणीतरी लिहिलं, तू तिकडचा झालास, तुला आता सगळं फालतूच वाटणार. हे लागलं. चाकाचा आणि लालचा काय संबंध त्याच्याशी, पण लागलं, आणि उत्तर सुचेना म्हणून मी मोन्टे कार्लोची गोष्ट टाकली. 18 ऑगस्ट 1913 ला तिथे सलग 26 वेळा काळं आलं, आणि लोक आता तरी लाल येणार म्हणत लालवर पैसे ओतत राहिले आणि कॅसिनोने लाखो फ्रँक कमावले. दोघांनी अंगठा दिला. मग विषय कुंभमेळ्यासाठी खोदलेल्या रस्त्यांवर गेला, नाशिकच्या द्वारका चौकात किती वेळ अडकतो, कुठून वळवलंय, कुठला रस्ता चालू आहे, आणि त्यात मला बोलायला काहीच नव्हतं.