‘बेकायदा मुलांना कॉलेज फुकट’ म्हणे!

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: ‘कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांना इथे कॉलेज फुकट. वर सरकारी शिष्यवृत्ती. त्यांचे आईबाप टॅक्सही भरत नाहीत. आणि आपली मुलं रांगेत!’ चार वाक्यं, त्यातलं शेवटचं तेवढं खरं.

आधी सरकारी शिष्यवृत्ती. ज्या मुलांकडे स्वतःकडेच कागद, म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नाही, त्यांना फाफ्साच्या (केंद्राकडे शिक्षणासाठी मदत मागण्याच्या) अर्जातून केंद्राची मदत मिळूच शकत नाही. पेल ग्रँट (गरजूंना मिळणारं अनुदान, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर), केंद्राचं शैक्षणिक कर्ज, वर्क-स्टडी (शिकता शिकता अर्धवेळ काम), तिन्ही दारं बंद. ‘डाका’ (लहानपणी आणलेल्या अशा मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) मिळालेल्यांनाही बंदच. गोंधळ बहुधा इथे होतो: आईवडिलांकडे कागद नाहीत, पण मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे नागरिक. त्याला मदत मिळते, कारण तो त्याचा स्वतःचा हक्क आहे.

‘फुकट’ ही तर थापच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालाने या मुलांना सरकारी शाळा खुली राहिली, पण ती बारावीपर्यंत. कॉलेजात काही राज्यं देतात ती फक्त इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी), म्हणजे शेजारच्या घरातला मुलगा भरतो तेवढीच. टेक्सासने २००१ मध्ये सुरुवात केली, आणि त्या कायद्यावर सही होती रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा तसाच एबी ५४० हा कायदा आला. त्याची मूळ अट अशी की विद्यार्थी राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षं शिकून तिथूनच पास झालेला हवा. कॅलिफोर्नियात शाळा संपवून आईवडिलांबरोबर नेव्हाडात गेलेल्या अमेरिकन मुलालाही हीच सवलत मिळते. हे मुद्दाम केलेलं आहे. १९९६च्या केंद्रीय कायद्यानुसार, निव्वळ रहिवासाच्या आधारावर जी सवलत नागरिकांना नाही, ती या मुलांना देता येत नाही. म्हणून निकष शाळेचा ठेवला, आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त अधिभार बसतो, तो यामुळे टळतो. मूळ फी भरावीच लागते. गरजूंना राज्याची मदतही मिळते, पण ती कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांतच.

आणि ‘इथे’ म्हणजे नक्की कुठे? जॉर्जियात या मुलांना वरच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशच नाही, साउथ कॅरोलायनात कुठल्याच सरकारी कॉलेजात नाही. फ्लोरिडाने २०१४ मध्ये दिलेली सवलत २०२५ मध्ये काढून घेतली. टेक्सासचा प्रकार तर अजबच. जून २०२५ मध्ये केंद्राने खटला भरला, राज्याने लढायचं सोडून त्याच दिवशी मान डोलावली, आणि चोवीस वर्षांचा कायदा संपला. डॅलस-ह्यूस्टनच्या ग्रुपांवर मेसेज मात्र अजून तोच.

टॅक्सचं म्हणाल, तर इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीच्या अंदाजाने कागदपत्रं नसलेल्यांनी २०२२ मध्ये ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. टेक्सासात तर राज्याचा आयकरच नाही. तिथे सरकार चालतं विक्रीकरावर, आणि शाळा-शहरांचा बराच खर्च मालमत्ता कर उचलतो. दुकानात विक्रीकर लावताना कोणी व्हिसा विचारत नाही, आणि मालमत्ता कर घरभाड्यातून वसूल होतोच.

राहिली आपली मुलं. त्यांची अडचण खरी आहे. एच-४ वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) लहानाची मोठी झालेली मुलगी एकविसाव्या वर्षी आईबाबांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून गळू शकते. केंद्राची मदत तिलाही नाही. ‘डाका’साठी ती अपात्र, कारण त्याला १५ जून २०१२ रोजी वैध व्हिसा नसणं आवश्यक होतं! पण यातलं काहीही त्या दुसऱ्या मुलांनी हिरावलेलं नाही. ग्रीन कार्डची रांग लांबते ती कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून. ती मर्यादा बदलणं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या हातात आहे. तेव्हा मेसेज पाठवायचाच असेल, तर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कार्यालयात पाठवा.