उपाशी ठेवलेले जुने मॉडेल

न्यूरल नेटवर्कवरचा (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलवरचा) नवा शोधनिबंध उघडावा, तर तुलनेच्या तक्त्यात लेखकांचे मॉडेल ठळक अक्षरांत सर्वांच्या वर विराजमान असते आणि त्याच्याशी झुंजायला आणलेले जुने मॉडेल मात्र उपाशी ठेवलेले असते. स्वतःच्या मॉडेलसाठी लर्निंग रेट, ड्रॉपआउट, बॅचचा आकार अशा, प्रशिक्षणाआधी ठरवायच्या सेटिंग्जच्या (हायपरपॅरामीटरच्या) शेकडो जुळण्या तपासायच्या, आणि जुन्याचे आकडे आधीच्या कुठल्या तरी निबंधातून जसेच्या तसे उचलायचे, याला तुलना म्हणण्याचे धाडस होते तरी कसे? २०१७ मध्ये मेलिस, डायर आणि ब्लन्सम या संशोधकांनी एलएसटीएम या जुन्या, साध्या न्यूरल नेटवर्कचे हायपरपॅरामीटर नीट जुळवले, तेव्हा भाषा-मॉडेलिंगमध्ये (मजकुरातला पुढचा शब्द ओळखण्यात) त्याने नंतरच्या गाजलेल्या रचनांना मागे टाकले. तरीही ये रे माझ्या मागल्या चालूच आहे. त्यातून तक्त्यातली ०.३ टक्क्याची आघाडी एकाच रँडम सीडवरची (प्रशिक्षणातली यादृच्छिकता ठरवणाऱ्या एकाच आकड्यावरची) असते, सीड बदलला की एवढा फरक सहज पुसला जाऊ शकतो, पण प्रमाण विचलनाचा (निकाल किती हलतात याचा) रकाना छापायला कोणाकडे जागाच नसते (परिशिष्टाला मात्र पानेच्या पाने मिळतात!). अंतिम परीक्षेसाठी राखलेल्या टेस्ट सेटवर पाहून चेकपॉइंट (प्रशिक्षणादरम्यान जतन केलेली मॉडेलची आवृत्ती) निवडणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. समीक्षकही ठळक आकड्याकडे पाहून माना डोलावतात आणि हे सारे पुन्हा चालवून पाहण्याचा भुर्दंड वाचणाऱ्याच्या माथी बसतो.