'अंड्यांच्या बदल्यात राबवून घेता' असं लिहिणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

घर बंद करून जाताना कोंबड्यांची सोय कशी लावावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमच्या मते कोंबड्या शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून जाणं बेजबाबदारपणाचं आहे. त्यापेक्षा आपोआप उघडमीट होणारं दार बसवावं. जिच्या स्वतःच्या कोंबड्या आहेत तिला आपल्या खुराड्यात पाठवू नये, कारण रोग पायांबरोबर येतो. आणि लेखात पशुवैद्यकांचा नंबर लिहून ठेवण्याबद्दल काहीच नाही.

नंबराचं म्हणणं मान्य आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर खुराड्याच्या दारावर लावून जावा, हे वाक्य लेखात वाढवते. त्याबद्दल आभार.

पण मधलं एक वाक्य मला सोडता येत नाही. "चार अंड्यांच्या बदल्यात एका म्हाताऱ्या बाईला राबवून घेता आणि वर त्याला शेजारधर्म म्हणता." हे तुम्ही कशावरून लिहिलंत? कुडाळजवळच्या आमच्या वाडीत तुम्ही कधी पाऊल टाकलं आहे का? माझ्या कोंबड्या सांभाळणाऱ्या शेजारच्या काकींना ओळखता का? मी लेखात एवढंच लिहिलं होतं की मी नसताना जमतील ती अंडी त्यांची. त्यावरून तुम्ही थेट मालक आणि गडी असा हिशोब मांडून मोकळे झालात.

काकी मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या तेव्हा त्यांची गाय माझ्याकडे होती. सकाळ-संध्याकाळ धार मी काढत होते, शेण मी भरत होते, आणि दूध आमच्याच घरात जात होतं. तेव्हा मी राबत होते का? त्याआधी माझी सासू आणि काकींची सासू हेच करत आल्या. माझ्या माहेरी, गुहागरकडे, आई शिमग्याला मामाकडे निघाली की शेजारची आजी कोंबड्यांचं डालगं उचलून स्वतःच्या पडवीत नेऊन ठेवायची. मी या व्यवहारात वाढले आहे. दोन ओळींत त्याची किंमत ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि काकी करतात काय, तेही ऐका. गेल्या खेपेला मी निघाले तेव्हा एक कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. एकवीस दिवस हललीच नसती अशी हट्टी. काकी तिला रोज सकाळी दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायच्या, कणी आणि पाणी पुढे ठेवायच्या, तिने विष्ठा टाकली की परत बसू द्यायच्या. आठवड्याने रात्री टॉर्च घेऊन बसल्या. मूठ करून त्या मुठीवर एकेक अंडं धरायचं आणि खालून उजेड टाकायचा. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नुसतं पिवळट दिसलं तर बाजूला. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. उलट मीच ते त्यांच्याकडून शिकले आहे.

आमची एक ठिपक्यांची कोंबडी आहे, तिन्हीसांजेला बाकीच्या खुराड्यात चढल्या तरी ती जांभ्याच्या गडग्यावर बसून राहते. तिला उचलून आत टाकावं लागतं. तुमचं आपोआप मिटणारं दार वेळेवर मिटलं असतं, यात शंका नाही, पण ती बाहेर राहिली असती आणि रात्री बाऊल, म्हणजे रानमांजर, तिला घेऊन गेला असता. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळ असते हा तर वेगळाच विषय. दाराबद्दल एवढं पुरे.

रोगाचं म्हणाल, तर माझ्या पक्ष्यांना लासोटा आणि आर-टू-बी या दोन्ही मानमोडीच्या लसी दिलेल्या आहेत. काकींच्या आणि माझ्या कोंबड्या दिवसभर एकाच परसात उकरत असतात, एकाच फणसाखाली धुळीत लोळतात. काकींच्या चपलांनी तिथे वेगळं काय यायचं राहिलं आहे? तुम्ही लिहिलंत की तुमच्या लेअर फार्मवर बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. बरोबरच आहे, एका शेडमध्ये हजारो पक्षी कोंडलेले असतात तिथे तो नियम हवाच. माझ्याकडे परसातल्या गावठी कोंबड्या आहेत, आणि लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी ते सांगितलं होतं. लेख पूर्ण वाचायच्या आधी प्रतिक्रिया टंकायची घाई झाली असावी.

पाण्याबद्दलची तुमची ओळ तर मला कळलीच नाही. एका कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं, वैशाखात त्याच्या दुप्पट, म्हणून दोन भांडी सावलीत ठेवावीत, हे लेखात लिहिलेलं आहे. तेच तुम्ही "लेखिकेला माहीत नसावं" म्हणून मला ऐकवलंत.

"पाळता येत नसतील तर पाळू नका," हा तुमचा शेवटचा सल्ला. लग्नकार्य, आजारपण, बाळंतपण कोणाला चुकलं आहे? घर कधीच न सोडणाऱ्या माणसानेच कोंबड्या पाळायच्या, तर कोकणातली निम्मी खुराडी उद्या रिकामी करावी लागतील. मी तुमच्याशी सभ्यपणे बोलते आहे, कारण तुम्ही वयाने मोठे असाल असं वाटतं. पण एका बाईने आपल्या मनाने, आपल्या हातांनी केलेल्या कामाला तुम्ही वेठबिगारी ठरवलीत, ते मी ऐकून घेणार नाही. काकींना ही प्रतिक्रिया वाचून दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकत नाही, राहू दे तिथेच. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला जायचं आहे. कोंबड्यांचं काय करू म्हणून काकींना विचारायला गेले, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "तू जा गो, मी बघतंय."