कॅपवर नॅनो कोटिंग मारा म्हणे, आयुष्यभर टिकेल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: सिरॅमिक कॅप तोंडातल्या ॲसिडमुळे तुटते, आता गाडीला करतात तसं दातांचंही कोटिंग निघालंय, दवाखान्यात पंधरा मिनिटांत मारून मिळतं, मग कॅप आयुष्यभर; आणि झिर्कोनियाची (म्हणजे जास्त कडक, पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप असेल तर त्याचीही गरज नाही, त्याला काहीच होत नाही. मी बावीस वर्षं डेंटल लॅबमध्ये कॅपच बनवतोय आणि तीन जणांनी तो मलाच फॉरवर्ड केला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ॲसिडचं निम्मं खरं आहे. सिरॅमिक कॅपचा वरचा पोर्सिलेनचा थर म्हणजे शेवटी काचच, आंबट लागलं की त्यातलं सोडियम-पोटॅशियम हळूहळू निघून जातं. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास (पीएच जितका कमी तितकं आंबट), पित्त उलटून वर आलं तर त्याहूनही कमी. चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, बसतो. पण नुसत्या कोल्ड्रिंकने कॅपचे दोन तुकडे झाले असं मी तरी पाहिलं नाही.

तुटते कशाने? मागच्या महिन्यात एक दाढेची कॅप परत आली, कोपरा उडालेला. लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, धरली तर बाईट बघायच्या निळ्या कागदाचा पुसट डाग, त्याच्या आजूबाजूला डायमंड बरचे (घासायच्या मशीनच्या टोकाचे) ओरखडे, तिथलं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, साफ गेलेलं आणि तडा बरोब्बर एका ओरखड्यातून निघालेला. म्हणजे बसवताना उंच लागली म्हणून घासली, जे करावंच लागतं त्यात काही चूक नाही, पण नंतर रबराने पॉलिश करायचं राहून गेलं आणि पेशंट निघाला रात्री दात खाणारा. त्यात तोंड कायम ओलं, ओलाव्यात असा बारीक तडा गुपचूप पुढे सरकत राहतो. इथे कोटिंग काय करणार होतं, बरच्या पहिल्याच फेऱ्यात उडालं असतं!

आता ते कोटिंग. थाप नाहीये ती, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात सिलिकॉन कार्बाइडच्या थरावर खरंच काम झालंय. पीएच २ पासून १० पर्यंतच्या द्रावणात ठेवून बघितलं, थर असलेली काच-सिरॅमिक बरीच कमी विरघळली. थराची जाडी काही शेकडो नॅनोमीटर, आपला केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरचा, यावरून अंदाज घ्या. गंमत म्हणजे जाडी बदलली की रंगही बदलतो, त्यामुळे शेड मॅचिंगचा आणखी एक ताप. पण हा थर बसतो व्हॅक्यूम चेंबरमध्ये, प्लाझ्मा पेटवून, तापमान शेकडो अंशांत. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडात हे कसं करणार सांगा. दवाखान्यात ब्रशने लावून निळ्या लाइटने कडक करतात ते रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, ते ब्रशने आणि चावण्याने झिजतं. आणि गाडीच्या कोटिंगच्या जाहिरातीत कडकपणा म्हणून लिहितात ते ‘९एच’ म्हणजे पेन्सिलीचा नंबर आहे हो, कुठल्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते बघायची टेस्ट.

राहिला झिर्कोनिया. ताकद जबरदस्त, १००० मेगापास्कलच्या घरात, साधं पोर्सिलेन कसंबसं १०० च्या आसपास. पण ‘काहीच होत नाही’ हे २००१ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यातल्या झिर्कोनियाच्या गोळ्यांनी खोटं ठरवलं, एका कंपनीने भट्टीचा प्रकार बदलला आणि त्या बॅचमधले शेकडो गोळे पेशंटच्या शरीरात फुटले. ओलाव्यात त्याचे स्फटिक रूप बदलतात, भट्टीत गडबड झाली की जास्तच. दातात तेवढं भयानक होत नाही, पण ज्या झिर्कोनियावर पोर्सिलेनचा थर चढवलेला असतो त्याचा वरचा थर टवका निघाल्यासारखा उडतो, हे लॅबवाल्यांना विचारा.

झिर्कोनिया कडक म्हणून चावताना त्याला भिडणारा समोरचा दात खातो, म्हणजे झिजवतो, हेही त्याच मेसेजमध्ये शेवटी होतं. कडकपणापेक्षा खरखरीतपणा जास्त खातो. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला ग्लेझ केलेल्यापेक्षा बरा, कारण ग्लेझ झिजलं की खालचा खरखरीत भाग उघडा पडतो.

शेजारच्या वहिनींनी हे सगळं ऐकून विचारलं, मग मी काय सांगू डॉक्टरांना? म्हटलं, कॅप घासली तर पॉलिश करून द्या म्हणा, रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, मागा, आणि फ्लोराइड लावणार असतील तर आंबट जेल नको, न्यूट्रल द्या, त्या आंबट जेलने पोर्सिलेनची चकाकी जाते. त्यांनी तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं आणि वर विचारलं, “मग तो मेसेज डिलीट करू का?”