चौदा मीटर

बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहूनही माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, चांगल्या सरकारी माध्यमिक शाळेत प्रवेश मिळवायचा तर मूल हुशार असावे लागते. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या ग्रामर शाळा सोडल्या, तर हुशारीचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही, हे मला कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, प्रवेशपुस्तिकेने शिकवले. पत्नीने तर मुलाखतीसाठी मुलीकडून ‘मोठेपणी तू कोण होणार?’ या प्रश्नाचे उत्तर घोटून घेतले होते. परंतु प्रवेशासाठी अशी मुलाखत घेण्यास शाळांना मनाईच असल्याचे कळल्यावर ते उत्तर आम्हा दोघांनाच रोज जेवताना ऐकावे लागले.

जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की शाळा आपल्या निकषांची उतरंड काढते. विशेष शैक्षणिक गरजांच्या अधिकृत आराखड्यात ज्यांच्यासाठी त्याच शाळेचे नाव लिहिलेले असते, ती मुले सर्वांत आधी. त्यानंतर कौन्सिलच्या देखरेखीखाली वाढणारी किंवा पूर्वी वाढलेली मुले. याविषयी कोणी कुरकुर करू नये आणि मीही करत नाही. आमच्या शाळेत पुढचा मान भावंडांचा होता. शेजारणीच्या थोरल्याला जागा मिळाली आणि त्याच्या पुण्याईवर धाकटी दोघे अलगद आत गेली. आमची मुलगी एकुलती एक, आणि थोरले भावंड मागाहून आणण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. काही धार्मिक शाळा चर्चमधील हजेरी पाहतात, त्यामुळे मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की कित्येक आईबापांची श्रद्धा एकाएकी जागी होते म्हणतात. काही ठिकाणी चक्क सोडत काढतात.

आमच्या वाट्याला उरले ते अंतर. मागील वर्षी प्रवेश मिळालेले शेवटचे मूल १,२९८ मीटरांवर राहत होते, आणि कौन्सिलच्या हिशेबाने आमचे घर होते १,३१२ मीटरांवर. या चौदा मीटरांनी आमचा संसार व्यापून टाकला. मी फोन हातात धरून घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो, तर अंतर भरले १,९४०. “तू वळणे फार घेतोस,” पत्नी म्हणाली. कौन्सिलचा संगणक मात्र वळणे घेत नाही. तो घराच्या नकाशावरील ठिपक्यापासून थेट सरळ रेषा ओढतो, मग वाटेत कोणाचे छप्पर येवो, तळे येवो किंवा रेल्वेचे रूळ येवोत. आमच्या परसातल्या लाकडी खोपटापासून रेषा ओढली असती, तर अकरा मीटर वाचले असते. उरलेल्या तीन मीटरांसाठी शेजाऱ्यांच्या गुलाबांत उभे राहावे लागले असते, आणि तेवढी ओळख नव्हती.

शाळेजवळ एखादी खोली भाड्याने घ्यावी, हा विचार कोणाच्या मनात येत नाही? आमच्याही आला. तेव्हा मी पत्नीला इंग्लंडमधल्याच ‘पूल’ नावाच्या शहराचा दाखला दिला. तेथील कौन्सिलने २००८ मध्ये एक कुटुंब खरोखर दिलेल्या पत्त्यावर राहते की नाही, हे पाहण्यासाठी सुमारे तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली होती. ही पाळत बेकायदा असल्याचा निर्णय न्यायाधिकरणाने २०१० मध्ये दिला, आणि ते कुटुंब तर प्रामाणिकच होते. आम्ही तसे नसतो, एवढाच फरक.

अर्जाची अंतिम तारीख ३१ ऑक्टोबर. शाळांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात आणि तो क्रम शाळेला कळत नाही, असे नियम सांगतो. ज्या ज्या शाळेच्या निकषांत मूल बसते, त्यांतली कौन्सिल तुमच्या यादीत सर्वांत वर असलेली शाळा देते. व्यवस्था इतकी सरळ आहे की तिच्यावर एकाही पालकाचा विश्वास बसत नाही. पहिल्या स्थळाला दुसऱ्याचा सुगावा लागला तर दोन्ही मोडतील, अशा धास्तीने शहाणीसुरती माणसे रात्र रात्र क्रम बदलत बसतात. आम्ही तो अकरा वेळा बदलला आणि शेवटी होता तसाच ठेवला.

१ मार्चला निरोप आला. दुसऱ्या पसंतीची शाळा. मुलीची मैत्रीणही तेथेच असल्याने तिने आनंदाने उडी मारली, पण आमचे तिच्याकडे लक्ष नव्हते. आम्ही पहिल्या शाळेची प्रतीक्षायादी पाहत होतो. त्या यादीत आमचा क्रमांक नववा होता. पुढल्या आठवड्यात अकरावा झाला! चौकशी केली तेव्हा समजले की ही यादी आधी आला त्याचा आधी नंबर, अशी चालत नाही. नवे नाव आले की सारी यादी त्याच निकषांनी पुन्हा लावली जाते, आणि आमच्यापेक्षा शाळेच्या जवळ राहणारी दोन मुले नव्याने यादीत आली होती.

काल संध्याकाळी शाळेकडच्या गल्लीत सामानाने भरलेला एक ट्रक येऊन थांबला. पत्नीने पडदा बाजूला करून पाहिले आणि दबक्या आवाजात सांगितले, “लहान मुलाची सायकल उतरवतायत.” मी नकाशा उघडला.